वाफेच्या मॉडेल इंजिनाची ओढ: मोजायची कशी, वाढवायची कशी

चढावर गाडी थांबते, आतल्या विजेच्या मोटरवर चालणाऱ्या या इंजिनाची चाकं मात्र जागच्या जागी गरागरा फिरत राहतात. अशा वेळी बहुतेकांचा संशय पहिल्यांदा मोटरवर जातो आणि कोणीतरी 'मोठी मोटर टाक' असा सल्लाही देऊन मोकळं होतं. पण चाकं फिरतायत याचाच अर्थ मोटरमध्ये जोर शिल्लक आहे, कमी पडली ती पकड. इंजिन किती डबे ओढेल हे तीन गोष्टींवर ठरतं: ओढणाऱ्या चाकांवर किती वजन पडतं, चाक रुळाला किती धरतं आणि मागचे डबे किती अडतात. इथले सगळे आकडे एचओ मापाचे आहेत, म्हणजे १:८७ प्रमाण आणि १६.५ मिमी गेज. पद्धत मात्र एन किंवा ओओ मापालाही तशीच लागू पडते.

खऱ्या इंजिनाशी तुलना करताना एक गफलत नेहमी होते. १०० टनांचं इंजिन ८७ पट लहान केलं की वजन ८७ च्या घनाने उतरतं आणि हातात उरतात १५२ ग्रॅम. बाजारातली बरीच मॉडेल त्याहून जडच असतात, तरी खऱ्या इंजिनासारखी लांब गाडी ओढू शकत नाहीत. कारण डब्यांत आहे. खरा डबा सपाट रुळावर स्वतःच्या वजनाच्या हजारातल्या दोन-तीन भागांइतकीच ओढ मागतो, मॉडेलचा डबा शेकड्याला दोन ते चार. जवळजवळ दहापट. म्हणून इंजिन उघडण्याआधी डबे तपासायचे आणि त्याच्याही आधी काटा काढायचा.

मोजणी

सोनारी कामाचा ५०० ग्रॅमचा, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा पुरतो. रुळाचा एक सरळ, सपाट तुकडा टेबलाच्या कडेपर्यंत न्या. कडेला खाच असलेली एक छोटी बेअरिंग खिळ्यावर बसवा, तीच आपली कप्पी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगवाल्यांकडे ३ मिमी भोकाची अशी बेअरिंग मिळते. तिच्यात ग्रीस भरलेलं असेल तर पेट्रोलने धुऊन टाका (खिडकी उघडी आणि गॅस बंद ठेवून), नाहीतर बेअरिंगच दोन-तीन ग्रॅम खाईल. कप्पीखाली खुर्चीवर काटा, काट्यावर ३०० ग्रॅमचं वजन, वजनाला दोरा. दोरा कप्पीवरून घेऊन टेंडरच्या (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) कपलिंगला, म्हणजे डबे जोडायच्या हुकाला, बांधा. रूळ ते कप्पी हा भाग रुळाशी समांतर हवा, तिरका नको.

आता इंजिन टेबलाच्या कडेपासून दूर जाईल असं हळूहळू चालवा. दोरा ताणला जाईल, चाकं घसरू लागतील आणि काट्यावरचा आकडा उतरेल. ३०० चे २३६ झाले तर कपलिंगवरची ओढ ६४ ग्रॅम. पाच सेकंदांत वाचून वीज बंद करा. पाच वेळा मोजा, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा सोडून द्या, उरलेल्या तिनांची सरासरी घ्या. पहिला आकडा बहुतेकदा फसवा निघतो, कारण चाकांवरचा जुना मळ घसरण्यातच निघून जातो आणि मागचे आकडे वाढत जातात.

दुसरी मोजणी चालक, म्हणजे ओढणाऱ्या, चाकांवरच्या वजनाची. काट्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्याच उंचीचे लाकडी ठोकळे ठेवा. काट्यावर रुळाचा असा तुकडा ठेवा की फक्त चालक चाकं त्यावर येतील. पुढची आणि मागची लहान चाकं ठोकळ्यांवरच्या रुळांवर. तुकड्यांमध्ये मिलिमीटरभर फट सोडा, रूळ एकमेकांना टेकले तर आकडा खोटा येतो. समजा पूर्ण इंजिन टेंडरशिवाय ३८० ग्रॅम आणि चालक चाकांवर ३१० ग्रॅम. ओढ ६४ ग्रॅम म्हणजे त्या वजनाच्या सुमारे २१ टक्के. धातूचं स्वच्छ चाक आणि निकेल सिल्व्हरचा रूळ यांच्यात २० ते २५ टक्के येणं ठीकच आहे. १५ च्या खाली असेल तर चाक मळलेलं आहे, तेलकट आहे किंवा एखादं चाक रुळाला टेकतच नाही. ३०-३५ च्या वर असेल तर कुठल्यातरी चाकावर रबराची कडी आहे.

तिसरी मोजणी डब्याची. एक मीटर सरळ रूळ पट्टीवर ठोका, डबा ठेवा आणि एक टोक हळूहळू उचला. बोटाने हलका धक्का दिल्यावर डबा न थांबता त्याच वेगाने घरंगळत राहील ती उंची मिलिमीटरमध्ये मोजा. ३० मिमी म्हणजे ३ टक्के. प्रत्येक डब्याच्या पोटाला पेन्सिलीने हा आकडा लिहून ठेवा. आठ डब्यांच्या गाडीत एखादाच डबा ७ टक्क्यांचा निघतो आणि दोन चांगल्या डब्यांची ओढ एकटा खातो.

गणित मांडून बघा

आपल्या प्रवासी डब्याची लांबी एचओमध्ये साधारण २४.५ सेंमी भरते. डब्याच्या वजनासाठी एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेची शिफारस आहे १ औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे या डब्याला सुमारे १६५ ग्रॅम. ३ टक्क्यांनी तो सपाटीवर ५ ग्रॅम ओढ मागतो. ६४ ग्रॅमचं इंजिन १२ डबे नेईल.

आता २ टक्के चढ आणि त्यातच २२ इंच त्रिज्येचं वळण घ्या. वळणाचा अडथळा अंदाजायला एचओवाल्यांचा जुना ठोकताळा आहे: ३२ ला इंचांतल्या त्रिज्येने भागा, येतील तितके टक्के चढात मिळवा. २२ इंचाला जवळपास दीड टक्का. म्हणजे डब्यामागे ३ अधिक २ अधिक १.४५, एकूण ६.४५ टक्के, साधारण १०.६ ग्रॅम. इंजिन आणि टेंडर (३८० अधिक ११० ग्रॅम) यांना स्वतःला वर चढवण्यातच १० ग्रॅम जातात, उरले ५४. डबे पाच. सपाटीवर बारा, घाटात पाच, इंजिन तेच.

यात एक गोष्ट डोळ्यांत भरते. सगळ्या डब्यांची चाकं बदलून अडथळा ३ वरून २ टक्क्यांवर आणलात तर सपाटीवरचे १२ डबे १९ होतात, पण चढावर पाचाचे जेमतेम सहाच. चढावर खरा भार डब्यांच्या वजनाचा असतो. तिथे इंजिनात वजन भरणं किंवा चढच सौम्य करणं याला पर्याय नाही. म्हणून आपल्या मांडणीतली सर्वांत अवघड जागा कुठली हे आधी शोधा, त्या जागेसाठी काम करा आणि हिशेबापेक्षा एक डबा कमीच धरा. वळणावर इंजिन स्वतःही अडतं, त्याची सोय त्यातूनच होते.

वजन भरण्याआधीची साफसफाई

ओढ कमी होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे गिअरमधून उतरून चाकावर आलेलं तेल. टिश्यू पेपरची घडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून रुळांवर आडवी टाका. चालक चाकं कागदावर, टेंडर रुळावर, म्हणजे टेंडरकडून वीज मिळत राहील. इंजिन हाताने धरून अर्ध्या वेगाने चालवा. कागदावर काळे पट्टे उमटतील. कागद सरकवत राहा, पट्टे फिकट होईपर्यंत. टेंडरमधून वीज घेत नसलेल्या इंजिनाला उलटं करून दोन वायर लावूनच हे करावं लागतं. नंतर गिअरला सुईच्या टोकावर मावेल तेवढंच, प्लास्टिकला चालणारं तेल द्या. खोबरेल तेल नको. थंडीत ते थिजतं आणि पुढे चिकट होतं. गंज सोडवायचे फवारेही नकोत, त्यांचा थर थेट चाकांवर जातो.

पावसाळ्यात आपल्याकडे रुळावर आणि चाकांवर काळपट थर लवकर चढतो. जून ते सप्टेंबरमध्ये आठवड्याला एकदा रूळ पुसणं भागच आहे. समुद्राजवळच्या घरात तर स्टीलच्या चाकांना बारीक गंज धरतो. तो पॉलिश पेपरने घासू नका, ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो. फायबर ग्लासचा ब्रश वापरा, पण हातमोजे घालून, त्याचे तंतू बोटात घुसतात.

मग चाकं खरोखर टेकतायत का ते बघा. खिडकीच्या काचेचा सपाट तुकडा घ्या, इंजिन त्यावर ठेवा आणि पतंगाच्या कागदाची अर्धा सेंमी रुंद पट्टी एकेका चालक चाकाखाली सरकवून ओढा. वजन असलेल्या चाकाखाली पट्टी अडकते, ओढली तर फाटते. एखाद्या चाकाखालून ती सहज निसटली तर ते चाक नुसतं फिरतंय, ओढत नाहीये. बहुधा चौकटीतल्या त्या धुऱ्याच्या खाचेत प्लास्टिकची कुसळ किंवा पेंट असतो, ते खरवडून काढा. चौकटच पिळली असेल तर खालची पट्टी ढिली करून काचेवर दाबत पुन्हा आवळा.

पुढच्या-मागच्या लहान चाकांचे स्प्रिंग हा आणखी एक चोर. ते चाकांना खाली दाबतात, म्हणजेच इंजिनाला वर उचलतात. चालक चाकांवरचं वजन एकूण वजनाच्या ८० टक्क्यांहून बरंच कमी असेल तर स्प्रिंगचा एक-एक वेटोळा कापत जा आणि दर वेळी काट्यावर बघा. स्प्रिंग अगदी मऊ केल्यावर ती लहान चाकं वळणावर रूळ सोडू लागली तर त्यांच्याच चौकटीवर ८-१० ग्रॅम शिसं चिकटवा. ती स्वतःच्या वजनाने बसू देत, इंजिनाचं वजन उधार घेऊन नको. इंजिन-टेंडरमधली वायर ताठ असेल तर तीही मागची चालक चाकं उचलते. तिथे बारीक, मऊ सिलिकॉन वायर घाला.

शिसं कुठे आणि किती

घनता लक्षात ठेवा: पोलाद ७.८, पितळ ८.५, शिसं ११.३, टंग्स्टन १९.३. एक घन सेंमी पोकळीत पोलादापेक्षा शिशाने साडेतीन ग्रॅम जास्त मावतात. शिसं मिळण्याच्या दोन सोप्या जागा. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानातल्या गळाच्या गोळ्या, आणि टायरवाल्याकडच्या चाक समतोल करायच्या चिकटपट्टीच्या ५ व १० ग्रॅमच्या चकत्या. चकत्या घेताना चुंबक लावून बघा. चिकटलं तर पोलाद आहे. पोलादही चालतं, फक्त जास्त जागा खातं, आणि मोटरच्या चुंबकाजवळ लावायचं नाही.

शिशाचं विष अंगात साठत जातं, विशेषतः लहान मुलांच्या. घरात वितळवू नका, कानस मारून भुकटी उडवू नका, कात्रीने कापा किंवा हातोडीने चपटं करा, हातमोजे वापरा, शेवटी साबणाने हात धुवा. स्वयंपाकाचं भांडं किंवा ओटा या कामाला नको.

दुसरी सूचना अनेक बॉयलर वाचवेल. शिशाच्या गोळ्या पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदात कधीच भरू नका. त्या गोंदातून सुटणारी आम्लाची वाफ आणि दमट हवा मिळून शिशावर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि वर्षा-दोन वर्षांत बॉयलर शिवणीवर उकलतो. मुंबईच्या हवेत तर तिला लागणारा ओलावा बारमाही. अराल्डाइटसारखं दोन नळ्यांचं हळू सुकणारं इपॉक्सी वापरा आणि वजन आधी टेपमध्ये गुंडाळा, म्हणजे पुढे काढता येईल.

जागा कुठली, हे समतोल ठरवतो. टेंडर काढा. लाकडी फूटपट्टीवर इंजिन असं ठेवा की चालक चाकांच्या एकूण अंतराचा मध्य पट्टीच्या मध्यावर येईल. ४-६-२ मध्ये (पुढची लहान, चालक आणि मागची लहान चाकं, या क्रमाने) हा मध्य मधल्या चालक धुऱ्यावर असतो, २-८-२ मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधोमध. आता पट्टीखाली गोल पेन्सिल सरकवत समतोलाची जागा शोधा. पट्टीचं स्वतःचं वजन मध्यावरच असल्याने दिशा लगेच कळते. बहुतेक इंजिनांत मोटर आणि गिअर मागे भट्टीच्या जागी असतात, त्यामुळे समतोल मागे जातो आणि पुढची चालक चाकं हलकी पडतात. म्हणून पहिलं शिसं धुराच्या पेटीत, सिलिंडरच्या वरच्या पोकळीत आणि बॉयलरच्या पुढच्या अर्ध्या भागात. बॉयलरवरचे घुमट, म्हणजे डोम, पोकळ असतील तर त्यांतही. टाकीवाल्या इंजिनाच्या बाजूच्या टाक्या तर खजिनाच.

समतोल अगदी मध्यावर न ठेवता दीड-दोन मिमी पुढे ठेवावा, हे आमचं ठाम मत. कपलिंग रुळापासून साधारण १० मिमी उंच असतं. ६४ ग्रॅमची ओढ तिथून मागे खेचत असते, तेव्हा ३८० ग्रॅमच्या इंजिनाचा भार सुमारे १.७ मिमी मागे सरकल्यासारखा होतो. उभ्या इंजिनाचा समतोल बरोबर मध्यावर असेल तर ओढताना तो मध्यावर राहत नाही.

एका वेळी २० ग्रॅम टाका आणि दर वेळी धडक चाचणी घ्या. इंजिनाचं नाक ठोकळ्याला टेकवून पूर्ण १२ व्होल्ट द्या, मल्टिमीटर मालिकेत जोडून. चाकं घसरत राहिली पाहिजेत. त्या वेळचा प्रवाह लिहून ठेवा. डीसीसी (रुळातूनच संदेश पाठवून इंजिन चालवायची डिजिटल पद्धत) असेल तर डीकोडरची, म्हणजे इंजिनातल्या तो संदेश वाचणाऱ्या चिपची, सलग पेलायची मर्यादा बघा, एचओच्या बऱ्याच डीकोडरना ती १ अँपिअर असते. घसरतानाचा प्रवाह तिच्या दोन-तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका. चाकं फिरायची थांबली आणि मोटर नुसती घुमू लागली की ताबडतोब वीज तोडा आणि शेवटचे ४० ग्रॅम काढून टाका. घसरणं हेच मोटरचं संरक्षण आहे, ते काढून घेतलंत की मोटरची गुंडाळी जळते किंवा प्लास्टिकचा गिअर फुटतो.

वरच्या उदाहरणात ६० ग्रॅम भरले तर ओढ साडेबारा ग्रॅमने वाढते, त्यातला एकदीड ग्रॅम ते वजन वर चढवण्यात जातो. २ टक्के अडथळ्याच्या डब्यांसह चढावर सात डबे जातात.

वजन वाढल्यावर टक-टक असा ठरावीक आवाज येऊ लागला तर धुऱ्यावरच्या प्लास्टिक गिअरला चीर गेलेली असते. दातांमधला खळगा भिंगातून बघा, केसाएवढी रेघ दिसेल. गोंदाने ती धरत नाही, गिअर बदलावाच लागतो. दर फेरीला एकदा अडखळत असेल तर संशय चाकांना जोडणाऱ्या रॉडवर. दोन्ही बाजूंच्या क्रँकपिनमध्ये (चाकावरच्या, रॉड बसतो त्या पिना) ९० अंशांचं अंतर सगळ्या धुऱ्यांवर सारखं हवं. मोटर काढून, रॉड एकेक सोडवून, चाकं बोटाने फिरवत गेलं की कुठला धुरा चुकलाय ते हाताला कळतं.

रबराच्या कड्या शेवटचा उपाय. पकड खूप वाढते हे खरं, पण ते चाक वीज घेईनासं होतं आणि रबर आपल्या उकाड्यात दोन-तीन वर्षांत सैल पडतं किंवा कडक होतं. लावायच्याच तर एकाच, शक्यतो मागच्या चालक धुऱ्यावर, आणि खाच कापलेल्या चाकावरच. सपाट चाकावर कडी चढवली की ते चाक उंच होतं आणि शेजारची चाकं अधांतरी राहतात. कडी लावल्यावर धडक चाचणी पुन्हा घ्या, कारण आता मोटर अडण्याची शक्यता खूप वाढते.

डबे आणि चढ

डब्यांना टोकदार धुऱ्यांची धातूची चाकं घाला. दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर साधारण १४.५ मिमी हवं, कमी असेल तर पॉइंटवर, म्हणजे मार्ग बदलायच्या सांध्यावर, अडतं. बोगीच्या खळग्यात तेल नको, ६बी पेन्सिलीची भुकटी टूथपिकच्या टोकाने. दिवे लावलेल्या डब्यांतल्या पत्र्याच्या पट्ट्या चाकाला किती दाबतात ते उताराच्या पट्टीवर मोजा, पट्टी जरा वाकवली की टक्का-दीड टक्का वाचतो. जड डबे पुढे आणि हलके मागे. उलट केलंत तर वळणावर हलका डबा आतल्या बाजूला ओढला जाऊन पडतो.

चढासाठी जागा हा मुंबईच्या घरातला खरा प्रश्न. एक मार्ग दुसऱ्यावरून न्यायला ७५ मिमी उंची लागते. २ टक्क्यांनी ३.७५ मीटर, ३ टक्क्यांनी अडीच मीटर. दहा फुटांच्या खोलीत सरळ मार्गाने २ टक्के बसतच नाही. उपाय सोपा आहे: वरचा मार्ग ३८ मिमी चढवा आणि खालचा ३७ मिमी उतरवा. दोन्हींना सुमारे १.९ मीटरच लागतात. चढाची सुरुवात आणि शेवट ३० सेंमीत हळूहळू वळवा, नाहीतर कोनावर मधली चालक चाकं उचलली जातात आणि भर चढाच्या तोंडाशीच पकड सुटते. भोर घाटात खऱ्या रुळांना ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के चढ आहे. मॉडेलमध्ये तेवढा ठेवायचा तर गाडी छोटी हवी.

मीटरभराची पाणसळ चढावर ठेवा आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत खालच्या टोकाखाली पट्ट्या घाला, २० मिमी भरले तर २ टक्के. हे पावसाळ्यानंतर दर वर्षी करा. साध्या कमर्शियल प्लायचा तळ ओलाव्याने फुगतो आणि २ टक्क्यांचा चढ एखाद्या फूटभरात ३ होतो. गाडी नेमकी तिथेच अडते आणि दोष इंजिनाला लागतो. नवीन तळ करणार असाल तर आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या, कडा रंगवून बंद करा.

एवढं करूनही गाडी लांबच हवी असेल तर दोन इंजिनं. कर्जत आणि कसाऱ्याला घाटासाठी मागून बँकर, म्हणजे ढकलणारं इंजिन, लावतात, पण मॉडेलमध्ये शेवटून ढकललं की वळणावर हलके डबे बाहेर उडतात. दोन्ही इंजिनं पुढे जोडा. आधी तीन मीटरवर दोघांना एकामागे एक न जोडता सोडा. अंतर फुटभरापेक्षा जास्त बदललं तर वेग जुळत नाहीत. डीसीसीमध्ये डीकोडरच्या सीव्ही २, ५ आणि ६ या वेगाच्या सेटिंग बदलून वेगवान इंजिनाला संथ इंजिनाच्या वेगावर आणा आणि मगच सीव्ही १९ मध्ये जोडीचा पत्ता टाका. साध्या डीसीवर वेगवान इंजिन पुढे ठेवा. मग दोघांमधलं कपलिंग ताणलेलं राहतं, दाबलं जात नाही.